‘हलकं’ म्हणजे नेमके किती? : शेतकऱ्याच्या गरजेपासून अवजाराच्या आराखड्यापर्यंत

कृषी अभियांत्रिकीचा विद्यार्थी वही घेऊन निंदणी चाललेल्या शेतात जातो आणि विचारतो, “मावशी, कोळपं कसं असायला हवं?” उत्तर बहुधा एकाच शब्दात मिळते : “हलकं.” विद्यार्थी वहीत ‘वजन कमी असावे’ अशी नोंद करतो, महाविद्यालयात परततो, लोखंडी नळीच्या जागी ॲल्युमिनियमची नळी बसवून दीड-दोन किलो वजन घटवतो आणि प्रकल्प सादर करतो. गुणही चांगले मिळतात. परंतु तेच कोळपे पुन्हा शेतात नेले, की ती स्त्री ते चार ओळी चालवून बांधावर ठेवते आणि आपले खुरपे हाती घेते.

या प्रसंगात कोणीही खोटे बोललेले नसते. शेतकरी स्त्रीने आपली गरज सांगितलेली असते, विद्यार्थ्याने ती प्रामाणिकपणे टिपलेली असते, कार्यशाळेतील कामही नेटके झालेले असते. चूक होते ती या दोन टोकांच्या मधल्या पायरीवर, म्हणजे गरजेचे रूपांतर अभियांत्रिकीच्या भाषेतील आवश्यकतेत करताना. आकडेमोड, रेखाटन, जोडकाम या गोष्टी अभ्यासक्रमात सविस्तर शिकवल्या जातात. ही मधली पायरी मात्र पुष्कळदा विद्यार्थ्याच्या अंदाजावर सोडली जाते. अवजारे बांधावर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहण्याचे एक प्रमुख कारण येथे आहे आणि त्याची किंमत निंदणी करणाऱ्या स्त्रीची कंबर व गुडघे मोजत असतात.

एका शब्दातील तीन गरजा

‘हलकं’ या शब्दाचा अर्थ शेतात अर्धा दिवस थांबून पाहिल्याशिवाय उलगडत नाही. घरापासून शेतापर्यंत कोळपे खांद्यावरून न्यावे लागते. तेथे ‘हलकं’ म्हणजे अवजाराचे वजन. ओळीतून चालवताना ते वजन चाकावर असते; तेथे ‘हलकं’ म्हणजे ढकलण्यास लागणारे बल. ओळ संपली की अवजार उचलून वळवावे लागते. तेथे ‘हलकं’ म्हणजे अवजाराचा तोल आणि पकडीची जागा. उत्तराखंडातील डोंगरउतारावर पायऱ्यांच्या शेतीत पहिला अर्थ सर्वांत महत्त्वाचा ठरतो, कारण अवजार पाठीवरून चढावे लागते. विदर्भ-मराठवाड्यातील सपाट काळ्या जमिनीत दुसरा अर्थ निर्णायक ठरतो. ओडिशातील भातखाचरात चिखलात रुतलेले अवजार वारंवार उपसावे लागते, म्हणून तिसरा.

ॲल्युमिनियमची नळी बसवणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या अर्थाचे उत्तर दिले. विचारणाऱ्या स्त्रीला दुसऱ्याचे हवे होते. म्हणून या विषयाचा पहिला पाठ असा : शेतकऱ्याचे वाक्य जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत टिपावे आणि त्याचा अर्थ लावण्याची घाई करू नये. ‘वजन कमी असावे’ ही गरज नव्हे. तो विद्यार्थ्याने काढलेला निष्कर्ष आहे.

दुसरा पाठ उपाय आणि गरज यांतील भेदाचा. अनेकदा शेतकरी थेट उपायच सुचवतो : “याला बॅटरी लावा.” हे वाक्य नाकारायचे नसते आणि तसेच स्वीकारायचेही नसते. “बॅटरी कशासाठी?” असे शांतपणे विचारत गेले, की “दुपारनंतर खांदे भरून येतात” हे मूळ वाक्य हाती लागते. खांदे भरून येण्याचे कारण अधिक बल असू शकते, चुकीच्या उंचीची मूठ असू शकते किंवा बोथट झालेले पाते असू शकते. बॅटरी हा त्यावरील अनेक उपायांपैकी एक, आणि बहुधा सर्वांत महागडा.

ग्राहक म्हणजे नेमके कोण?

कारखान्यात बनणाऱ्या पंख्याचा ग्राहक आणि वापरकर्ता बहुतेक एकच असतो. शेती अवजारांचे तसे नाही. पैसे देणारा पुरुष, वापरणारी स्त्री, दुरुस्त करणारा गावचा लोहार आणि भाड्याने देणारी अवजार बँक अशा चार व्यक्ती एकाच कोळप्याच्या ग्राहक असतात. प्रात्यक्षिकाच्या वेळी पुढे उभे राहून उत्तरे देतात ते बहुधा पुरुष. निंदणी करणाऱ्या स्त्रिया मागे असतात. त्यामुळे प्रश्नावली भरली जाते, पण ती भलत्याच व्यक्तीची.

म्हणूनच विद्यार्थ्यांना शेतावर पाठवताना त्यांच्या हाती प्रश्नांआधी निरीक्षणाचा तक्ता देणे श्रेयस्कर ठरते. काम करणारी व्यक्ती किती वेळाने थांबते, थांबल्यावर हात कोठे जातो (कंबरेवर, खांद्यावर की मनगटावर), पात्यात अडकलेले तण किती वेळा काढावे लागते, ओळीच्या टोकाला वळताना काय करावे लागते, या गोष्टी कोणीही तोंडाने सांगत नाही, पण त्या दिसतात. प्रश्न विचारायचे तेही घडून गेलेल्या गोष्टींविषयी असावेत. “कोणते अवजार आवडेल?” यापेक्षा “मागच्या वेळी कोळपे का ठेवून दिले?” या प्रश्नाचे उत्तर कितीतरी पटीने उपयोगी असते. लोहाराला विचारावे, “दुरुस्तीला काय येते?” तुटलेल्या भागांचा त्याच्याकडील ढीग हा बाजारातील सर्वेक्षणापेक्षा अधिक बोलका असतो.

भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अभ्यासक्रमात २०१५ पासून ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रमाद्वारे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अनुभवाची जोड देण्यात आली आहे. या उपक्रमातील दिवस केवळ अवजारे दाखवण्यासाठी न वापरता गरजा टिपण्यासाठी वापरले, तर पुढील वर्षाच्या प्रकल्पाचा पाया तेथेच घातला जातो.

‘गुणवत्तेचे घर’

टिपलेल्या गरजांना अभियांत्रिकीच्या भाषेत आणण्याची एक सुस्थापित पद्धत आहे. जपानमध्ये १९६० च्या दशकात योजी अकाओ यांनी ‘क्वालिटी फंक्शन डिप्लॉयमेंट’ ही विचारसरणी मांडली. १९७२ मध्ये मित्सुबिशी समूहाच्या कोबे येथील जहाजबांधणी कारखान्यात तिचा तक्त्याच्या रूपात वापर झाला आणि १९८८ मध्ये जॉन हाउजर व डॉन क्लॉसिंग यांच्या लेखामुळे तो तक्ता ‘गुणवत्तेचे घर’ या नावाने जगभर परिचित झाला.

हे घर समजण्यास सोपे आहे. डाव्या भिंतीवर शेतकऱ्याच्या शब्दांतील गरजा लिहायच्या : ‘रोप कापलं जाऊ नये’, ‘दिवसभर ढकलता यावं’, ‘गावातच दुरुस्त व्हावं’. प्रत्येकीपुढे तिचे महत्त्व १ ते ५ अशा अंकात; हा अंक विद्यार्थ्याने नव्हे, तर वापरणाऱ्यांनी द्यायचा. वरच्या बाजूला मोजता येणारी वैशिष्ट्ये : पात्याची रुंदी, चालण्याची खोली, ढकलण्याचे बल, मुठीची उंची, एकूण वजन, सुट्या भागांची संख्या. मधल्या चौकटींत कोणत्या गरजेचा कोणत्या वैशिष्ट्याशी किती घनिष्ठ संबंध आहे ते नोंदवायचे. छपराच्या तिरप्या चौकटींत वैशिष्ट्यांचे परस्परसंबंध येतात : पाते रुंद केले की बल वाढते, वजन घटवले की पाते जमिनीत कमी शिरते. तळाशी उद्दिष्ट-मूल्ये, म्हणजे आकडे.

रिकामी आडवी ओळ दिसली तर समजावे की एका गरजेकडे कोणत्याही वैशिष्ट्याने लक्ष दिलेले नाही. रिकामा उभा स्तंभ दिसला तर समजावे की कोणीही न मागितलेली गोष्ट अवजारात घातली जात आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत या दुसऱ्या प्रकारचे स्तंभ अधिक सापडतात.

आकड्यापर्यंतचा प्रवास

तक्ता भरला म्हणजे काम संपत नाही. उद्दिष्ट-मूल्य कोठून आणायचे, हा खरा प्रश्न असतो. सोयाबीनच्या ४५ सेंमी अंतरावरील ओळींचे उदाहरण घेता येईल. ‘रोप कापलं जाऊ नये’ या गरजेसाठी दोन्ही बाजूंना साडेसात सेंमी जागा सोडली, तर मध्ये ३० सेंमीची पट्टी निंदायची उरते. सरळ विचार असा, की ३० सेंमीचे पाते बसवावे आणि एका फेरीत काम उरकावे.

आता ‘दिवसभर ढकलता यावं’ ही दुसरी गरज पाहू. स्त्री-श्रमिकाची सातत्याने काम करण्याची शक्ती शेतीतील ऊर्जेच्या गणितात साधारणतः ४८ वॅट धरली जाते. ताशी दीड किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ०.४२ मीटर वेगाने चालताना या शक्तीत सुमारे ११५ न्यूटन बल लावता येते. उदाहरणादाखल मातीचा रोध प्रति चौरस सेंमी २.५ न्यूटन आणि खोली ३ सेंमी धरली, तर ३० सेंमीच्या पात्याला २२५ न्यूटन बल लागेल. हे सामर्थ्याच्या जवळजवळ दुप्पट झाले. चाकाचा रोध आणि ढकलण्याचा कोन यांचा हिशेब तर अजून धरलेलाच नाही. चार ओळींनंतर अवजार बांधावर का जाते, त्याचे उत्तर या एका गुणाकारात आहे.

पाते १५ सेंमीचे केले तर बल ११२ न्यूटनांवर येते, म्हणजे सामर्थ्याच्या अगदी काठावर. शिवाय प्रत्येक ओळीत दोन फेऱ्या घालाव्या लागतात. एका एकरात ४५ सेंमी अंतराच्या ओळींची एकूण लांबी सुमारे ९ किलोमीटर भरते; दोन फेऱ्या म्हणजे १८ किलोमीटर चाल आणि विश्रांती न धरता १२ तासांचे काम. हा आकडा फळ्यावर लिहिला, की ‘निंदणी’ हा शब्द वर्गातील विद्यार्थ्यांना वेगळाच ऐकू येऊ लागतो.

मार्ग खोलीमध्ये आहे. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांत, तण कोवळे असताना कोळपणी केली तर २ सेंमी खोलीही पुरेशी होऊ शकते. तेवढ्या खोलीला १५ सेंमीच्या पात्यास ७५ न्यूटन बल लागते. सामर्थ्याच्या तुलनेत हा भार सुमारे दोन-तृतीयांश आहे, त्यामुळे थकवा आवाक्यात राहतो. यावरून तयार होणारी आवश्यकता अशी लिहिता येईल : ‘पेरणीनंतर २० दिवसांच्या आत, ओलसर वाफशाच्या जमिनीत, २ सेंमी खोलीवर, १५ सेंमी रुंदीच्या पात्यासह ढकलण्याचे बल ८० न्यूटनांपेक्षा अधिक नसावे.’

या वाक्यात मोजमाप आहे, परिस्थिती आहे, चाचणीची सोय आहे. परंतु नळी कोणत्या धातूची, पाते कोणत्या आकाराचे, हे सांगितलेले नाही. ते स्वातंत्र्य आराखडा करणाऱ्याचे. ‘हलकं’ या एका शब्दापासून या वाक्यापर्यंतचा प्रवास हाच या विषयाचा गाभा होय. वरील आकडे प्रत्येक जमिनीला लागू पडणारे नाहीत. आपल्या शेतातील मातीचा रोध विद्यार्थ्याने स्वतः मोजावा आणि गणित नव्याने मांडावे.

शरीराचे माप

ढकलण्याचे बल कमी झाले तरी मूठ चुकीच्या उंचीवर असेल तर खांदे भरून येणारच. या बाबतीत भारतीय संशोधनाने मोठी सोय करून ठेवली आहे. भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने निरनिराळ्या राज्यांतील शेती श्रमिकांची ७९ शरीरमापे आणि १६ शक्तिमापे संकलित करून २००९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यानुसार पुरुष श्रमिकांची सरासरी उंची सुमारे १६३ सेंमी, तर स्त्री श्रमिकांची सुमारे १५१ ते १५२ सेंमी आहे. उभ्या माणसाच्या कोपराची उंची त्याच्या एकूण उंचीच्या साधारण ६३ टक्के असते. म्हणजे पुरुषासाठी ती सुमारे १०३ सेंमी, स्त्रीसाठी ९५ सेंमी. पुरुषाच्या मापाने पक्की जोडलेली मूठ स्त्रीला सात-आठ सेंमी उंच पडते आणि दिवसभर हात उचलून धरावे लागतात.

सरासरीवर थांबणे हीसुद्धा चूक ठरते. सरासरी उंचीची मूठ ठेंगण्या आणि उंच, दोन्ही व्यक्तींना अडचणीची होते. म्हणून ‘मूठ आरामदायी असावी’ याऐवजी ‘मुठीची उंची ८५ ते १०५ सेंमी दरम्यान, पाना न वापरता हाताने बदलता यावी’ असे लिहिणे योग्य. भुवनेश्वर येथील केंद्रीय कृषिरत महिला संस्था स्त्रियांच्या दृष्टीने शेती तंत्रज्ञानाचा अभ्यास करते. अशा संस्थांच्या प्रकाशनांचा वापर प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यातच व्हावा, अहवालाच्या शेवटच्या पानापुरता नव्हे.

न बोललेली गरज

नोरिआकी कानो या जपानी अभ्यासकाने १९८४ मध्ये गरजांचे वर्गीकरण मांडले. काही गरजा गृहीत असतात. त्या पुऱ्या झाल्या तर कोणी कौतुक करत नाही, न झाल्या तर मात्र अवजार नाकारले जाते. काही गरजा जितक्या अधिक पुऱ्या होतील तितके समाधान वाढवतात. आणि काही अनपेक्षित सोयी आनंद देऊन जातात. यांतील पहिला प्रकार सर्वांत धोक्याचा, कारण तो कोणी बोलून दाखवत नाही.

मळणी यंत्र हे त्याचे ठळक उदाहरण. “मळणी यंत्र कसे हवे?” असे विचारले तर ‘धान्य फुटू नये’, ‘भुसा बारीक व्हावा’, ‘ताशी जास्त पोती निघावीत’ अशी उत्तरे येतात. ‘माझा हात शाबूत राहावा’ असे कोणीही म्हणत नाही. परंतु पेंढी ढकलताना हात ड्रमपर्यंत जाऊन तो कायमचा गमावल्याच्या घटना देशात इतक्या घडल्या, की १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे विनियमन कायदा करावा लागला. सुरक्षित भरणघसरणीची मापेही ठरली : लांबी किमान ९०० मिलिमीटर आणि त्यांपैकी किमान ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला. या मापांमागे माणसाच्या हाताची लांबी आहे. ‘हात आत जाऊ नये’ या न बोललेल्या गरजेचे हे मिलिमीटरमधील भाषांतर होय.

गोष्ट येथेही संपत नाही. लांब घसरणीमुळे भरण्याचा वेग मंदावतो अशी तक्रार होते आणि काही ठिकाणी ती काढून ठेवली जाते. येथे ‘ताशी जास्त पोती’ आणि ‘हात शाबूत’ या गरजा एकमेकींशी झगडतात. त्यात पहिली मागणारा यंत्राचा मालक असतो आणि दुसरी न बोलणारा रोजंदारीवरचा मजूर. ‘गुणवत्तेच्या घरात’ मालकाने दिलेले अंक जसेच्या तसे घेतले तर सुरक्षितता तळाला जाईल. म्हणून सुरक्षिततेच्या गरजांना अंक द्यायचेच नसतात. त्या अट म्हणून तक्त्याच्या बाहेर लिहायच्या असतात. हा विवेक विद्यार्थ्याला गणित शिकवत नाही. तो शिक्षकालाच शिकवावा लागतो.

दापोलीचा धडा

गरजेचे भाषांतर नीट झाले की अवजार किती साधे राहू शकते, हे कोकणातील नूतन झेल्याने दाखवले आहे. आंबा उतरवताना ‘फळ पडू नये’ ही गरज जुना झेलाही पुरी करत असे. तरीही बागायतदाराचे नुकसान होत होते, कारण देठ तुटला की त्यातून उडणारा चीक सालीवर पसरून डाग पडतात आणि देठाकडून फळ कुजण्याची शक्यता वाढते. बाजारात भाव ठरतो तो या डागांवर. म्हणजे खरी गरज ‘फळ डागाळू नये’ ही होती आणि तिची अभियांत्रिकी आवश्यकता ‘फळ देठासह कापले जावे’ ही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला फळ देठासह उतरवतो. बांबूची काठी, जाळी आणि पाते ही सामग्री परिचितच आहे. बदलला तो प्रश्न.

या उदाहरणाचा वर्गात उपयोग असा, की येथे गरज ओळखण्यास केवळ यंत्राचे ज्ञान पुरले नसते. चिकाचा परिणाम उद्यानविद्या सांगते, डागाची किंमत बाजार सांगतो, काठीची लांबी झाडावर चढणारा सांगतो. कोळप्याच्या उदाहरणात खोलीचा प्रश्न कृषिविद्येने सोडवला, पात्याचा अभियांत्रिकीने. म्हणून प्रकल्पगटात एका तरी अन्य शाखेच्या शिक्षकाचा सल्ला असणे हितावह आहे.

वर्गात काय करता येईल?

हा विषय व्याख्यानाने येत नाही, सरावाने येतो. त्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरू शकतो :

१. प्रत्येक गटाने एकाच कामाचे किमान अर्धा दिवस निरीक्षण करावे आणि शेतकऱ्यांची वाक्ये त्यांच्याच बोलीत लिहून आणावीत.

२. प्रत्येक वाक्यापुढे त्याचे संभाव्य अर्थ लिहावेत आणि दुसऱ्या भेटीत कोणता अर्थ खरा ते तपासावे.

३. गरजांना महत्त्वाचे अंक प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून घ्यावेत. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रे आणि चिंचोके पुरेसे असतात. ज्या चित्रावर चिंचोके अधिक, ती गरज मोठी.

४. आवश्यकतांचा तक्ता मान्य होईपर्यंत रेखाटनास प्रारंभ करू नये. प्रकल्पाच्या गुणांपैकी ठळक हिस्सा या तक्त्यासाठी राखून ठेवावा.

५. प्रत्येक आवश्यकतेपुढे ती कशी तपासणार ते लिहावे. ज्या वाक्याची चाचणी सांगता येत नाही, ते वाक्य पुन्हा लिहावे.

६. नमुना तयार झाल्यावर तो त्याच शेतात, त्याच व्यक्तीच्या हाती द्यावा आणि विद्यार्थ्यांनी गप्प उभे राहावे. समजावून सांगण्याची गरज पडली, तर ती उणीव अवजाराची समजावी.

या क्रमात अपयशालाही स्थान हवे. नमुना नाकारला गेला, पण तो का नाकारला गेला हे गटाला अचूक मांडता आले, तर त्या गटाला पूर्ण गुण देण्याची तयारी शिक्षकांनी ठेवावी. अन्यथा विद्यार्थी शेतकऱ्याचे ऐकण्याऐवजी परीक्षकाला आवडेल तेच बनवत राहतील.

कोळपे पुन्हा त्या शेतात नेले जाईल तेव्हा त्याचे वजन कदाचित पहिल्याहून अर्धा किलो अधिकच असेल, कारण हाताने सरकणाऱ्या मुठीला तेवढे लोखंड लागते. पण पाते अरुंद असेल, मूठ कोपराच्या उंचीवर असेल आणि कोळपणी तण कोवळे असतानाच सुरू झालेली असेल. ते दुपारनंतरही ओळीतच चालत राहिले आणि खुरपे बांधावर राहिले, तर ‘हलकं’ या शब्दाचे भाषांतर बरोबर झाले, असे समजावे.